भरून पाहिलेली गाडी

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी तिरोड्यातील एका निवृत्त राईस मिल मालकाने आपल्या अंगणात उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे जीपमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात, बोअरवेलचे पाणी भरले. कॅरव्हॅन त्यांची नव्हती. गोंदियाच्या एका विक्रेत्याने ती दोन दिवस पाहण्यासाठी आणून ठेवली होती. नळी खिडकीतून आत सोडलेली होती आणि मोटर चालू होती. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाहून राहिलो."

हे गृहस्थ आमचे घरमालक. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची पत्नी राहत, वरच्या मजल्यावर मी भाड्याने होतो. गल्लीत सगळे त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणत. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून काका मला 'पेपरवाले' म्हणत. नावाने हाक मारल्याचे आठवत नाही.

काका मूळचे अर्जुनी मोरगावकडचे. घराणे तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचे. त्यांच्या आजोबांच्या गावात तलाव भरला की घरातील पुरुष पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, कोरड्या बाजूने पायथ्याशी अनवाणी चालत. डोळ्याला दिसण्याआधी ओल तळपायाला कळते, असे त्या घरात मानत. काकांनी तलाव बांधला नाही. ते तिरोड्याला आले, राईस मिल चालवली आणि वय झाल्यावर पुतण्यांच्या ताब्यात दिली. तळपाय मात्र त्यांनी सोबत आणले होते. कोणाच्याही घरी गेले की ते उंबऱ्यातच चपला काढत, आधी छताकडे बघत, मग जमिनीवरून भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारत आणि त्यानंतर यजमानांना नमस्कार करत.

छत्री घ्यायला गेले की दुकानदाराला तांब्याभर पाणी मागत. बाजारातल्या दोन दुकानदारांनी त्यांना छत्री विकणे बंद केले होते. मुलीला बघायला आलेल्या मुलाची नवी मोटार दारात उभी राहिली, तेव्हा पाहुणे पोहे खात असताना काकांनी बाहेर जाऊन तिच्या काचेच्या फटीवर बादली ओतली. परत येऊन त्यांनी बैठकीत जाहीर केले, "पोरगा चांगला आहे. गाडी डाव्या बाजूनं गरते." लग्न झाले. जावई अजूनही सासुरवाडीला बसने येतो.

पावसाच्या दिवसांत ते भाडेकरूंच्या खोल्यांत न विचारता येत. दार उघडले की म्हणत, "तुमच्याकडे नाही आलो जी, छताकडे आलो." माझ्या खोलीत त्यांनी एकदा जमिनीवर राख पसरली. थेंब पडला तर खड्डा दिसेल, हा हेतू. राखेत दुसऱ्या दिवशी मांजरीची पावले दिसली. काकांनी ती बारकाईने पाहिली आणि मांजर कोरडी होती, असा निष्कर्ष काढला.

कॅरव्हॅनचा विषय काकूंच्या गुडघ्यांपासून सुरू झाला. दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाल्यानंतर त्यांना खाली बसता येत नसे. घरी काकांनी खुर्चीसारखा कमोड बसवून घेतला होता. त्यामुळे घरात अडचण नव्हती, घराबाहेर होती. काकूंची थोरली बहीण गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या पायथ्याजवळच्या एका खेड्यात राहते. तिला आता नीट दिसत नाही आणि प्रवास झेपत नाही. तिच्याकडचा संडास अंगणाच्या पलीकडे, तीन पायऱ्या चढून, खाली बसायचा. काकू सकाळी जीपने जात, दिवसभर घोटभर पाणी न पिता बसत आणि दिवेलागणीच्या आत परत निघत. अशाच एका फेरीत त्यांना चक्कर आली. त्यानंतर जाणे थांबले. रात्रीचा मुक्काम तर ऑपरेशनपासून झालाच नव्हता.

घरच्यासारखी प्लास्टिकची खुर्ची सोबत न्यावी, असे मुलीने सुचवले होते. काकू म्हणाल्या, "बहिणीच्या घरी साडीचोळी घेऊन जातात बायका. मी हागायची खुर्ची घेऊन जाऊ का?"

थोरल्या बहिणीचा फोन एक दिवसाआड येई. काकू तो स्पीकरवर ठेवत, कारण एका हाताने त्या भाजी निवडत. त्यामुळे संभाषण वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत असे.

"कधी येते वो?"

"येते ना ताई. गाडी पाहून राहिले हे."

"मेल्यावर येजो मंग. तवा त मुक्काम करावाच लागते. तेराव्यापर्यंत."

काकू हसत, पण फोन ठेवल्यावर भाजी निवडण्याचा वेग वाढलेला असे.

'पाहून राहिले' हे खरे होते. पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर एका कॅरव्हॅनचा व्हिडिओ पाठवला होता. आत पलंग, ओटा आणि छोट्या कपाटाएवढ्या खोलीत उंच बैठकीचा कमोड. काकूंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "हे ताईच्या अंगणात मावते." काकांनी तो एकदाच पाहिला. "छताले जोड कोठी आहे?" एवढेच त्यांनी मुलीला विचारले. तिने व्हिडिओ बनवणाऱ्याला विचारा म्हणून सांगितले. काकांनी त्याला खरोखर विचारले. उत्तर आले नाही.

दिवाळीनंतर काका गाड्या पाहायला निघाले. कधी काकू सोबत असत, कधी मी.

पहिली गाडी नागपूरला पाहिली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर. विक्रेता शिकलेला आणि नम्र होता. काकांनी चपला काढल्या आणि त्यालाही बूट काढायला लावले. मग ते आतून भिंतीच्या कडेने फिरले. पत्रा कारखान्यातून अखंड आलेला असल्याने अंग घट्ट आहे, हे त्यांनी मान्य केले. मग वर बोट दाखवले. छताला एसीसाठी एक भोक होते, हवेसाठी एक, उजेडासाठी एक आणि सोलरच्या तारेसाठी एक.

"कंपनीनं अख्खा पत्रा देल्ला. तुमी त्याची चाळणी केली," काका म्हणाले.

विक्रेत्याने सांगितले, प्रत्येक भोकाला रबर आणि सीलंट आहे, वर्षातून एकदा छतावर चढून तपासायचे आणि भेगा दिसल्या तर नव्याने भरायचे.

"कोण चढन?"

"तुम्ही किंवा मेकॅनिक."

"मेकॅनिक चढला त छत दबन. मी चढलो त बायको वरडन."

तरीही ती गाडी त्यांनी लगेच नाकारली नव्हती. नाकारली ती परतीच्या वाटेवर. तुमसरच्या अलीकडे एका धाब्यावर चहा पिताना त्यांनी एकदम कप खाली ठेवला. "इंजिन बिघडलं त गाडी गॅरेजमध्ये जाईन. गाडीसंग घर जाईन. घरासंग हिचा संडास जाईन. मंग ही गॅरेजमध्ये जाऊन बसन का?"

काकू जीपच्या मागच्या सीटवरच बसून होत्या. "तरुणपणी तेही केलं असतं," त्या म्हणाल्या.

दुसरी गाडी बालाघाटच्या बाजूला एका शौकिनाकडे होती. ही मागे ओढायची, खाली दुमडलेली आणि मुक्कामी छत वर उचलायची. छत वर गेले की मधल्या बाजू जाड कापडाच्या. ओढायला हलकी, वाऱ्याला कमी अडणारी, किमतीला सोसणारी. काकांना ती पाच मिनिटे आवडली. मग त्यांनी कापडाच्या घडीत नाक घातले आणि बराच वेळ काढले नाही. मालक अस्वस्थ झाला. काका म्हणाले, "ओली असताना दुमडली होती. मागच्या पावसात." मालकाने कबूल केले की एकदा घाई झाली होती. कापड सुकवून दुमडायचे असते. आमच्या झाडीपट्टीत पावसाळ्यात कापड कधी सुकेल, याचा हिशेब काकांनी तिथेच उभ्याने केला आणि उत्तर दसऱ्यानंतरचे आले.

त्यानंतर ज्या गाडीची भिंत बटण दाबल्यावर बाहेर सरकते आणि खोली मोठी होते, अशा गाडीचा विषय निघाला. तिचे फोटो मुलीने पाठवले होते. त्या वेळी काका जेवत होते. त्यांनी फोटो पाहिला, घास संपवला आणि म्हणाले, "भिंत सरकणारं घर मी पाह्यलो आहे. पुराच्या वक्ती." चर्चा संपली.

असा हिवाळा गेला. काकांचा निर्णय पक्का होत होता, गाडी पक्की होत नव्हती. चांगली ती, जिला कमी भोके, कमी जोड आणि जिचे इंजिन वेगळे. जीप बिघडली तर शेजाऱ्याची जीप जोडता येते. पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूने जोडलेली कॅरव्हॅन नको. प्रत्येक स्क्रू हे एक भोक, आणि पाणी आत शिरले की ते प्लायवूडमध्ये लपते. वरून काही दिसत नाही. एक दिवस पाय आत जातो, तेव्हा कळते. त्यापेक्षा फायबरची बरी. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा साच्यातून काढून मधे एकच जोड मारलेला. ती महाग असते आणि ठोकर लागून तडकली तर गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. पण तडा दिसतो. काकांच्या मते दिसणारे नुकसान परवडते.

"अंड्यासारखी पायजे," ते म्हणत.

"अंडं घेईपर्यंत कोंबडी मरन," काकू म्हणत. त्या दिवसांत थोरल्या बहिणीचा आवाज फोनवर बारीक झाला होता. ती आता "कधी येते" विचारत नसे. "जेवली का?" एवढेच विचारी आणि मग दोघी काही वेळ न बोलता फोन चालू ठेवत.

उन्हाळा लागला तेव्हा गोंदियाच्या जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे अंड्यासारखी कॅरव्हॅन आल्याचे कळले. बंद पडलेल्या एका रिसॉर्टची ती गाडी होती. फायबरची, एका जोडाची, आत पलंग, ओटा आणि उंच कमोड. छताला हवेचे एकच झाकण. काका अनवाणी फिरले, नाक लावून आले, जमीन टाचेने ठोकली. दोष सापडला नाही. त्यामुळे ते अधिकच अस्वस्थ झाले.

विक्रेता तरुण, पांढऱ्या बुटांचा, हिंदी बोलणारा. काकांची चौथी फेरी झाल्यावर तो म्हणाला, "अंकलजी, दो दिन घर पे रख लो. आराम से देखो. फिर बोलो."

आराम से देखो, हे वाक्य त्याने काकांपुढे उच्चारायला नको होते.

शनिवारी कॅरव्हॅन अंगणात आली. काकू काठी टेकत आत गेल्या, कमोडवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "हेच." काका म्हणाले, "थांब." रात्री त्यांनी चाकांच्या धुरीखाली विटांचे ठोकळे रचले. सकाळी काळ्या मातीत धानाचा भुसा मळून दाराची खालची फट आतून लिंपली, खिडकीतून बाहेर आले आणि नळी आत सोडली.

त्यामागचा विचार त्यांनी मला मोटरच्या आवाजात समजावून सांगितला. तलाव बांधून झाला की तो चांगला की वाईट, हे कोणी सांगू शकत नाही. तो भरावा लागतो. भरला की कोरड्या बाजूने चालायचे. जिथे ओल, तिथे दोष. बाहेरून बादल्या ओतल्या तर पाणी घरंगळून जाते, ते भोक शोधत नाही. आत साठवले तर ते दिवसभर शोधते. आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येईल त्याच वाटेने ते आत जाईल.

"पण पाऊस वरून येतो," मी म्हणालो.

"पेपरवाले, पाण्याले वर-खाली काही नसते. वाट असते."

मोटर बराच वेळ चालली. काकू ओट्यावर आल्या. "अजी, टाकी भरली ना? मोटर कायले चालू आहे?"

"टाकी नाही. गाडी भरून राहिलो."

काकूंनी कॅरव्हॅनकडे पाहिले, नळीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. मग त्या आत गेल्या. मोटर त्यानंतरही चालूच राहिली.

पाणी आत घोट्याच्या वर आले तेव्हा काकांनी हात वर केला आणि मोटर थांबली. ते कॅरव्हॅनच्या खाली आणि भोवती अनवाणी फिरू लागले. दुपारपर्यंत फिरत होते. जमीन कोरडी होती. एकही थेंब कुठूनही आला नव्हता. जेवायला आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, ओळखीच्या लोकांनी आजवर न पाहिलेले, समाधान होते. "आजोबानं बांधली असती त अशीच बांधली असती," ते म्हणाले.

चार वाजण्याच्या सुमारास विक्रेता उत्तर घ्यायला आला. काका ओट्यावरून ओरडले, "दार नोका उघडू!" पण त्याला वाटले, ते या म्हणताहेत. त्याने दार ओढले. मातीचे लिंपण सुटले आणि पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवरून अंगणभर गेले. सोबत पायपुसणे आले, उशी आली आणि कॅरव्हॅनचे माहितीपत्रक आले.

"अंकलजी, ये क्या है?"

"पाणी."

"पानी तो दिख रहा है. गाड़ी के अंदर क्यों है?"

"बाहेर नाही आलं म्हणून."

"अरे, ये घर है अंकलजी, तालाब नहीं है!"

"तलाव असता त एका दिवसात पाहून झाला असता. गाडी होती म्हणून दोन दिवस लागले."

विक्रेत्याने आत डोकावले. जमिनीवरच्या आवरणाच्या सांध्यातून पाणी खालच्या प्लायवूडमध्ये गेले होते आणि जमीन पलंगापाशी पुरीसारखी फुगली होती. त्याने डोक्याला हात लावला. ही गाडी आता कोणी घेणार नाही, असे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. काका त्याला फायबरच्या जोडाची स्तुती ऐकवत होते.

तेव्हा काकू ओट्यावर आल्या. "भाऊ, बूट काढा, वाळत ठेवते. चहा घ्या. गाडी आमचीच झाली आता."

काका वळले. "मी कुठी हो म्हणलो?"

"तुमी भरली ना? मंग तुमचीच. दुसऱ्याच्या तलावात पाणी कोण भरते?"

विक्रेत्याने चहा घेतला. व्यवहार त्याच संध्याकाळी झाला.

मोटरचे बटण स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. अंगणातून तिथे हात पोहोचत नाही. त्या सकाळी ते कोणी दाबले, याबद्दल काका आणि काकूंची विधाने वेगवेगळी आहेत. काकांच्या म्हणण्यानुसार, त्यांनी "चालू कर" अशी हाक दिली आणि कोणीतरी चालू केली. काकूंच्या म्हणण्यानुसार, त्या वेळी त्या देवपूजा करत होत्या. तिसरा साक्षीदार नाही.

फुगलेली जमीन सुताराने उखडून नवी टाकली. तो काम करत असताना काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "म्हणजे खालून एक थेंब जात नाही?"

"एक थेंब नाही," काका अभिमानाने म्हणाले.

"आणि वरचं झाकण गरलं त?"

काकांनी वर झाकणाकडे पाहिले. वरून आलेले पाणी आतच राहील आणि कमोडच्या पायथ्याशी साठेल, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कोणत्याही तलावाला सांडवा ठेवतात, म्हणजे जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून एका कडेला सोडलेली वाट. त्यांच्या आजोबांच्या तलावालाही तो होता. गाडीत तो असावा, हे त्यांना सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून ड्रिल घेतले आणि ज्या गाडीला भोके नाहीत म्हणून ती निवडली होती, तिच्या जमिनीला सर्वांत खालच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने भोक पाडले. खालून जाळी लावली, उंदीर येऊ नये म्हणून. नंतर दहा-पंधरा मिनिटे ते त्या भोकाकडे बघत बसले होते. सुतार हसू दाबत होता.

"हासून राहिला काऊन बे?"

"काही नाही काका. तुमी पैल्यांदाच भोक पाडले ना."

जूनच्या आधी जीपमागे कॅरव्हॅन जोडून काका-काकू निघाले. मी मागच्या सीटवर होतो. काकांनी वाटेत अनेकदा थांबून कडी, तार आणि टायर तपासले. काकू पूर्ण प्रवासात मुद्दाम पाणी प्यायल्या. बाटली संपली की दुसरी उघडत आणि नवऱ्याला दाखवत. गोठणगावच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, काठी टेकत मागे गेल्या, कॅरव्हॅनमध्ये शिरल्या आणि दार लावले. रस्त्याने गुरे घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला.

"का आहे जी हे?"

"घर," काका म्हणाले.

"मंग रस्त्यावर काऊन उभं केलं?"

"आतमध्ये बाई आहे."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि गुरे पुढे हाकली.

थोरल्या बहिणीच्या अंगणात कॅरव्हॅन मावली, पण कुंपणाचा एक खांब काढावा लागला. बहिणीला दिसत नव्हते म्हणून ती हात लावून गाडीभोवती फिरली. "गुळगुळीत आहे वो," ती म्हणाली. मग काकूंच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू सुकली." काकूंनी तिचा हात धरून ठेवला. काका त्या वेळी गाडीच्या खाली होते.

मी दुसऱ्याच दिवशी बसने परतलो. काका-काकूंचा मुक्काम आठ दिवसांचा ठरला होता. आठ दिवसांनी काका जीप घेऊन एकटे परतले. पावसाळा तोंडावर होता आणि तिरोड्याच्या घराचे छत पाहायला कोणीतरी हवे, असे कारण त्यांनी सांगितले. काकूंनी नुसते "या" म्हटले, असे कळते.

श्रावणात हवेच्या झाकणाचे रबर एका बाजूने सुटले आणि छत गळले. पाणी कोपऱ्यातल्या भोकातून अंगणात गेले. ही बातमी काकूंनी फोनवर दिली. काकांनी त्याच दिवशी जीप काढली. नवे रबर, सीलंटच्या नळ्या आणि शिडी सोबत नेली. शिडीवर ते स्वतः चढले. काकू ओरडल्या नाहीत, त्या आत बहिणीची वेणी घालत होत्या.

आता काका महिन्यातून दोनदा जातात. काकू परत आलेल्या नाहीत. दिवाळीत मुलगी आणि जावईही तिकडेच गेले, बसने. गेल्या आठवड्यात काकांनी इथून आणखी एक गादी जीपमध्ये टाकून नेली. थोरली बहीण आता कॅरव्हॅनमध्येच झोपते. आत पलंगावर दोघींना जागा पुरते. काका मुक्कामाला गेले की त्यांची खाट बाहेर चिंचेखाली टाकलेली असते.